नाव दिसते, पण सापडत नाही : एका पतसंस्थेच्या डेटा-रूपांतराचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी पतसंस्थेसाठी आमच्या सहा जणांच्या चमूने नवी संगणक प्रणाली तयार केली, त्या कामातील हे प्रकरण आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले असून आकडे ढोबळ ठेवले आहेत. मी त्या चमूचा प्रमुख होतो आणि ज्या तिकिटाभोवती (म्हणजे प्रणालीबद्दल नोंदवलेल्या तक्रारीभोवती) हे सगळे फिरते ते बंद करणाराही मीच होतो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

संस्थेची जुनी प्रणाली पंधरा-सोळा वर्षे वापरात होती आणि तिच्यातील मराठी नावे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फॉन्टवर अवलंबून असलेल्या पद्धतीने साठवलेली होती. म्हणजे डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. ठरावीक फॉन्ट लावला की ती पडद्यावर देवनागरी होऊन दिसत, फॉन्ट काढला की निरर्थक अक्षरांची रांग उरे. नवी प्रणाली युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणावर, आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर उभी होती. चार शाखांमधील सुमारे अकरा हजार सभासदांची नावे, पत्ते आणि वारसांची नावे जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेण्यासाठी आम्ही एक रूपांतरक वापरला, जो जुन्या फॉन्टमधील प्रत्येक आकारासाठी युनिकोडची ठरलेली अक्षरमालिका लिहीत असे.

रूपांतर बरोबर झाले की नाही हे तपासण्यासाठी दोनशे नावे जुन्या आणि नव्या प्रणालीतून कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवली गेली. संस्थेच्या लेखापालांनी आणि आमच्या टेस्टरने लाल पेनाने एकेका नावावर खूण केली, दोन-तीन चुका निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या आणि स्वीकृतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या वेळी ही तपासणी आम्हाला काटेकोर वाटली होती. कामाच्या मूळ प्रस्तावात ‘डेटा रूपांतर’ या कामासमोर फक्त ‘५ दिवस’ एवढेच लिहिले होते, आणि ते काम पूर्ण झाले हे कशावरून ठरवायचे याचा उल्लेखच नव्हता; त्यामानाने लाल पेन हीदेखील प्रगतीच होती.

१ एप्रिलपासून, म्हणजे नव्या आर्थिक वर्षापासून, संस्थेचे सर्व व्यवहार नव्या प्रणालीत जाणार होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दोन शाखांमध्ये समांतर चाचणी सुरू झाली आणि प्रत्येक नोंद दोन्हीकडे होऊ लागली.

अडचण

फेब्रुवारीच्या मध्यास एका शाखेतील काउंटरवरच्या लिपिक बाईंनी तिकीट नोंदवले. मजकूर दोनच वाक्यांचा होता : ‘कऱ्हाडकर नावाचे सभासद शोधले असता सापडत नाहीत. यादीत आहेत.’ सोबत पडद्याचे चित्र नव्हते आणि पायऱ्याही लिहिलेल्या नव्हत्या. मी सभासदांची यादी उघडली, त्यातले एक ‘कऱ्हाडकर’ कॉपी करून शोधचौकटीत चिकटवले, आणि नाव तत्काळ सापडले. ‘आमच्याकडे सापडते. स्पेलिंग तपासून पाहावे,’ असे उत्तर लिहून मी तिकीट बंद केले. या सगळ्याला चार मिनिटेही लागली नसतील.

त्यांनी ते तिकीट पुन्हा उघडले नाही. नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही स्पेलिंग बघा म्हणालात, मी बघितलं. बरोबरच होतं. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असणार.” दरम्यान काउंटरसमोर माणसे उभी असत आणि काम थांबवता येत नसे, म्हणून नाव सापडले नाही की त्या आणि दुसऱ्या शाखेतील त्यांचे सहकारी त्या माणसाची नवा सभासद म्हणून नोंद करून पुढे जात. प्रणालीने त्यांना अडवले नाही, कारण तिच्या लेखी तो खरोखरच नवा माणूस होता.

तपास

मार्चच्या मध्यास आमच्यातला सर्वांत तरुण डेव्हलपर प्रशिक्षणासाठी त्या शाखेत गेला होता. जेवणाच्या सुट्टीआधी त्या बाई त्याला म्हणाल्या, “सर, तुम्ही एकदा इथं बसून बघाच. मी टाइप करते, तुम्ही फक्त बघा.” त्यांनी ‘कऱ्हाड’ एवढीच अक्षरे टाइप केली आणि पडदा रिकामा आला. मग त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर तीच अक्षरे टाइप केली, तर नावांची रांग लागली. शब्द दोन्ही पडद्यांवर हुबेहूब सारखाच होता.

बाई इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराची कळ ठरलेली असलेला, कीबोर्ड वापरत होत्या. त्या पद्धतीत शिफ्टसह रची कळ दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटते, ज्याचा युनिकोडमधील क्रमांक ०९३१ आहे. त्याला हलन्त आणि ‘ह’ जोडला की ‘ऱ्ह’ होतो. आमच्या रूपांतरकाने मात्र जुन्या फॉन्टमधील तो आडव्या रेघेचा अर्धा र लिहिताना साधा ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक अशी मालिका वापरली होती. हा जोडक पडद्यावर दिसत नाही आणि जागाही व्यापत नाही, परंतु डेटाबेसमध्ये ते एक पूर्ण चिन्ह असते. रूपांतरकाने काही बेकायदेशीर केले होते असेही नाही. ही दुसरी पद्धत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून प्रमाणातच मान्य केलेली आहे. डेव्हलपरने शाखेत बसूनच दोन्ही शब्दांची लांबी डेटाबेसला विचारली, तेव्हा बाईंनी टाइप केलेला ‘कऱ्हाड’ सहा चिन्हांचा आणि अठरा बाइटचा निघाला, तर साठवलेला सात चिन्हांचा आणि एकवीस बाइटचा. नेहमीच्या मांडणीत पोस्टग्रेस बरोबरीची तुलना बाइटनिहाय करतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द होते.

लाल पेनाची तपासणी का फसली हेही यातून उलगडले. ती डोळ्यांनी केलेली होती आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीत चूक नव्हतीच. माझी चार मिनिटांची तपासणी तर त्याहून वाईट होती, कारण मी कॉपी करून चिकटवताना चुकीची अक्षरमालिकाच शोधचौकटीत नेली होती, आणि डेटा स्वतःशी जुळतो एवढेच सिद्ध केले होते.

त्याच रात्री आम्ही व्याप्ती मोजली. सभासदांच्या नावांत किंवा आडनावांत ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेल्या सुमारे साडेतीनशे नोंदी होत्या : कऱ्हाडकर, कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावे. दीड महिन्याच्या चाचणीत त्यांतील सत्तावीस जणांची दुसऱ्यांदा नोंद झाली होती. संख्या लहान दिसते, पण सहकारी संस्थेत सभासदाची दुहेरी नोंद ही केवळ अस्वच्छ डेटाची बाब नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते, आणि मतदारयादी, भागभांडवल व लाभांश यांचा हिशेब सभासद-नोंदवहीवर चालतो. त्यातही एक गोष्ट आधीच बिघडून बसली होती. संस्थेच्या नियमाप्रमाणे एका सभासदाला दोनपेक्षा अधिक कर्जांना जामीन राहता येत नव्हते. एक जामीनदार त्याच्या नव्या नोंदीमुळे तिसऱ्या कर्जाला पात्र ठरला होता आणि ते कर्ज मंजूरही झाले होते. मंजुरीसाठी अधिकृत असलेली जुनी प्रणाली पाहायची असे ठरलेले असताना शाखाधिकाऱ्यांनी नव्या प्रणालीचा सुबक अहवाल पाहिला होता.

पर्याय

पहिला प्रश्न तांत्रिक नव्हताच. संस्थेला केव्हा सांगायचे, यावर आमच्यात दोन मते पडली. आमच्या व्यवसाय-व्यवस्थापकांचे म्हणणे असे की दोन दिवस थांबावे, दुरुस्ती तयार करावी आणि मग ‘ही अडचण होती आणि हा उपाय’ असे एकदमच सांगावे. अर्धवट माहितीने समोरच्याची झोप उडवण्यात काय अर्थ आहे? युक्तिवाद टाकाऊ नव्हता. परंतु ते दोन दिवस शाखांमध्ये दुहेरी नोंदी चालूच राहणार होत्या आणि जामीनदारांचा तो अहवाल कोणीतरी पुन्हा वापरणार होता, म्हणून रात्री साडेनऊ वाजता मी संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन केला. त्यांनी सर्वांत आधी विचारले, “ठेवींच्या व्याजात फरक पडलाय का?” व्याज खातेनिहाय निघते, सभासदनिहाय नाही, त्यामुळे फरक पडू नये असे मला वाटत होते, पण तसे न सांगता ‘फरक नसावा, तपासून उद्या दुपारी चारपर्यंत लेखी कळवतो’ असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी चारच्या आत पाठवलेल्या पत्रात काय कळले आहे, काय अजून कळलेले नाही आणि ते केव्हा कळेल, असे तीन भाग होते. व्याजात फरक नव्हता.

दुसरा प्रश्न १ एप्रिलचा होता. ठरल्याप्रमाणे पूर्ण प्रणाली सुरू करून दुरुस्ती मागाहून करावी हा एक मार्ग होता, आणि तो आम्ही लवकर सोडला, कारण मग दुहेरी नोंदी अधिकृत वहीत गेल्या असत्या. महिनाभर सर्वच पुढे ढकलणे हा दुसरा. माझा कल याच मार्गाकडे होता, परंतु त्यासाठी एप्रिलचे व्यवहार जुन्या प्रणालीत घेऊन वर्षाच्या मध्येच सगळ्या शिलका पुन्हा जुळवून न्याव्या लागल्या असत्या, आणि शाखांमधील माणसांना आणखी एक महिना दोन्हीकडे नोंदी कराव्या लागल्या असत्या. तिसरा मार्ग मधला होता : रोखीचे, ठेवींचे आणि कर्जवसुलीचे व्यवहार १ एप्रिलला नव्या प्रणालीत न्यायचे, सभासद नोंदवणे आणि जामीनदार तपासणे ही दोन कामे मात्र नोंदवही स्वच्छ होईपर्यंत जुन्या प्रणालीतूनच करायची.

आम्ही तिन्ही मार्ग त्यांच्या खर्चासह संस्थेपुढे ठेवले आणि शिफारस कोणती व का, तेही लिहिले. निर्णय त्यांचा होता. व्यवस्थापकांनी मधला मार्ग निवडला आणि आम्हाला न सुचलेली एक भर घातली : नाव सापडले नाही तर काउंटरवर पासबुकावरील सभासद क्रमांक विचारायचा, आणि क्रमांक नसेल तर नोंद न करता कागदावर लिहून शाखाधिकाऱ्यांकडे द्यायची. दुहेरी नोंदी थांबल्या त्या आमच्या कोडच्या आधी, या कागदामुळे.

कृती

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न त्याच तरुण डेव्हलपरने त्या आठवड्यात केला. तो एका ओळीचा होता : साठवलेल्या आणि शोधायच्या अशा दोन्ही नावांतून अदृश्य जोडक काढून टाकायचा. त्याच्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे यशस्वी दिसल्या. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने वाचून तपासताना, आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी खाली एकच वाक्य लिहिले, ‘आता दऱ्यांचा दर्या झाला.’ जोडक नुसता काढला की अर्ध्या रचा रफार होतो आणि ‘कऱ्हाड’ हा शब्द ‘कर्हाड’ असा साठवला जातो. तो पासबुकावर तसाच छापला गेला असता, आणि इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्या बाईंना तरीही सापडला नसता. चाचण्या हिरव्या झाल्या होत्या कारण त्याच्या फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करायच्या) कीबोर्डवरूनही जोडकच येत होता. म्हणजे माझीच चूक दुसऱ्या रूपात पुन्हा घडली होती, आणि या वेळी ती कोणीतरी वाचली म्हणून सापडली.

समतुल्य अक्षरमालिकांना एकच रूप देणारे युनिकोडचे ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण लावले की दोन्ही रूपे आपोआप एक होतील, असा आमच्यातील दोघांचा समज होता. तसे होत नाही, कारण प्रमाणाच्या दृष्टीने ही रूपे समतुल्य धरलेली नाहीत. डेटाबेसमध्ये निर्धारित बाइट-तुलना सैल करणारा वर्णक्रम वापरून पाहावा अशीही एक सूचना आली होती, पण आमच्याकडील आवृत्तीत त्यासोबत ‘लाइक’ शोध, म्हणजे शब्दाच्या काही अक्षरांवरून शोधणे, चालत नव्हता आणि काउंटरवर तर आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप करूनच शोधतात. अखेरीस आम्ही नावांचे स्वतःचे प्रमाण रूप ठरवले : आधी र, हलन्त आणि जोडक या मालिकेच्या जागी ०९३१ आणि हलन्त लिहायचे, मगच उरलेले जोडक काढायचे, शेवटी एनएफसी लावायचे. क्रम बदलला की सगळे बिघडते, म्हणून तो क्रम आणि त्याचे कारण कोडमध्ये मराठीत लिहून ठेवले. हे रूप नाव साठवताना, शोधताना आणि आयात करताना अशा तिन्ही ठिकाणी लागू केले, आणि रूपांतरकाकडून आलेले मूळ नाव वेगळ्या स्तंभात जपून ठेवले, जेणेकरून आमचाच नियम चुकला तर मागे जाता यावे.

सत्तावीस दुहेरी नोंदी प्रोग्रामने आपोआप एकत्र कराव्यात की नाही, यावर चर्चा झाली. आम्ही तसे केले नाही. प्रोग्रामने फक्त संशयित जोड्यांची यादी काढली आणि शाखाधिकाऱ्यांनी भागदाखल्याची वही समोर ठेवून एकेक जोडी मंजूर केली. यादीतील दोन जोड्या खरोखरच वेगळ्या माणसांच्या निघाल्या : गाव एक, आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव तिन्ही तंतोतंत सारखी. एका जोडीतील दोघेही ठेवीदार होते. त्यांच्या नोंदी एकत्र झाल्या असत्या तर काय झाले असते याचा हिशेब मी अजून मनात पुरा केलेला नाही.

स्वीकृती-चाचणी या वेळी आम्ही केली नाही. ती त्या लिपिक बाईंनी त्यांच्या काउंटरवर, त्यांच्या कीबोर्डवरून केली. ‘कऱ्हाड’ सापडले. त्यांनी मग स्वतःच्या वहीतून आणखी काही नावे वाचत टाइप केली आणि ‘ॲड.’ या उपाधीपाशी थांबल्या. ती सापडत नव्हती. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ०९७२ या स्वतंत्र क्रमांकाने आले. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि रूपांतरक तसेच लिहीत होता. ही जोडीही एनएफसीने एक होत नाही. आम्ही जे पाहिले होते तेवढेच दुरुस्त केले होते; दुसरे रूप त्यांनी पंधरा मिनिटांत शोधले.

परिणाम

१ एप्रिलला व्यवहार नव्या प्रणालीत सुरू झाले आणि सभासद-नोंदवही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हलवली गेली. तिसऱ्या कर्जासाठी संस्थेने दुसरा जामीनदार घेतला. कर्जदाराने कुरकुर केली, ती रास्तच होती. ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी सभासदांची यादी नव्या प्रणालीतून निघाली. स्वच्छतेच्या कामाचे जे दिवस लागले त्यांचे बिल आम्ही लावले नाही. आमच्या व्यवस्थापकांना ते पटले नव्हते आणि करार वाचला तर त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, कारण रूपांतरावर संस्थेची सही होती. पण ती सही ज्या तपासणीवर झाली ती तपासणी आम्ही सुचवलेली होती.

वेगळे काय करता आले असते

रूपांतराच्या स्वीकृतीत छापील तुलनेसोबत एक साधी गोष्ट करता आली असती : दोनशेऐवजी वीस नावे घ्यायची, पण ती संस्थेच्या माणसाने स्वतः टाइप करून शोधायची. प्रणाली ज्या कामासाठी वापरली जाणार तेच काम त्यात तपासले गेले असते. याला अर्धा दिवस पुरला असता. डेटाबेसमधील सर्व नावांत कोणकोणती चिन्हे किती वेळा येतात याची एक यादी काढली असती तर अदृश्य जोडकही तिथेच दिसला असता. आता प्रत्येक रूपांतरानंतर आम्ही ती यादी काढतो.

तिकिटाच्या बाबतीत मी काय करायला हवे होते याचा विचार अधिक वेळ केला आहे. मजकूर अपुरा होता हे खरे, परंतु ‘यादीत आहेत’ हे दुसरे वाक्य बारकाईने वाचले असते तर स्पेलिंगचा प्रश्नच उद्भवत नव्हता. नाव समोर पाहून टाइप करणारी आणि वर्षानुवर्षे तेच काम करणारी व्यक्ती सांगत होती की दिसते ते सापडत नाही. एक फोन पुरेसा होता. आता आमच्याकडे तक्रार आमच्या यंत्रावर दिसत नसेल तर नोंदवणाऱ्याशी बोलल्याशिवाय आणि शक्य तर त्यांचा पडदा पाहिल्याशिवाय तिकीट बंद करता येत नाही, आणि ते बंद करण्याची संमती नोंदवणाऱ्याने द्यायची असते. यामुळे उघड्या तिकिटांची संख्या वाढते आणि मासिक अहवाल वाईट दिसतो, हे आमच्या व्यवस्थापकांनी दोनदा निदर्शनास आणले आहे.

रात्री साडेनऊचा फोन मात्र मी पुन्हाही करेन, जरी व्यवस्थापकांनी नंतर सांगितले की ती रात्र त्यांनी जागून काढली. फरक एवढाच करेन की त्या फोनवर आधी ‘उद्या सकाळपासून शाखांनी काय करू नये’ हे सांगेन. मी अडचणीचे स्वरूप समजावत बसलो आणि जामीनदार अहवाल वापरू नका, हे सांगायचे राहून गेले. ते सकाळी अकराला आठवले.

प्रकरण निवल्यावर ‘आमच्याकडे दिसत नाही’ म्हणून त्या प्रकल्पात बंद केलेली सर्व तिकिटे आम्ही पुन्हा उघडली. ती नऊ होती. सहा खरोखरच गैरसमजाची निघाली, एक छापखान्याच्या कागदाची, आणि एक तारखेच्या मांडणीतील चुकीची, जी दुरुस्त झाली. उरलेली तक्रार एका शाखेत पासबुक छापताना तिसरी ओळ वर सरकते ही आहे. आमच्या प्रिंटरवर ती सरकत नाही. येत्या पंधरवड्यात त्या शाखेत जाऊन, पासबुक छापताना बाजूला बसायचे ठरले आहे.